चाळीस अंकांचे पाणी

एकदा एक शिष्य बर्फाच्या डोंगराखाली वाहणाऱ्या नदीकाठी मासे राखायची विद्या शिकत होता. त्याचा गुरू फार वृद्ध होता. गार पाण्यातच जगणाऱ्या माशांच्या माद्या आणि नर तो काठावरच्या दगडी कुंडात सांभाळी. थंडी पडली की हलक्या हाताने माद्यांची अंडी काढी, पिल्ले होईपर्यंत जपी आणि मग ती नदीला परत देई. नदीत आपोआप जन्मलेले पिल्लू चार वर्षांत कुणाच्या दृष्टीस पडले नव्हते. कुंडातल्या नऊ माद्या आणि तीन नर म्हणजेच त्या माशांचा उरलेला वंश होता.

अंडी केव्हा काढायची, हे ठरवण्याची तिथली रीत जुनी होती. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सकाळी हात मनगटापर्यंत प्रवाहात बुडवायचा आणि सावकाश अंक मोजायचे. चाळीस व्हायच्या आत कळ येऊन हात बाहेर काढावा लागला, तर पाणी तयार. गुरूच्या गुरूनेही असेच मोजले होते. पण साठ हिवाळे त्या पाण्यात घातल्यामुळे गुरूच्या बोटांची संवेदना आता गेली होती. कढत भांडे आणि बर्फ त्यांना सारखेच.

"यंदा मोजणी तुझी," तो शिष्याला म्हणाला.

सहा वर्षे शिष्याने याच शब्दांची वाट पाहिली होती.

पौर्णिमेला सगळे गाव काठावर जमले. घाटापलीकडच्या तळ्यांत सोडण्यासाठी थोडी पिल्ले मागायला आलेला एक व्यापारीही खेचरे घेऊन थांबला होता. शिष्याने हात बुडवला. वीस झाले, तीस झाले. कळ येईना. उलट बोटांना बरे वाटू लागले. पस्तीस झाले. 'पौर्णिमा चुकत नाही,' त्याने मनाशी विचार केला, 'रीतही चुकत नाही. मग चुकणारा उरलो मी. माझाच हात जाड असेल.' अडतिसाव्या अंकाला त्याने हात झटकन बाहेर काढला आणि बोटांवर फुंकर घातली.

"अडतीस!"

लोकांना आनंद झाला. व्यापारी मात्र खांद्यावरच्या शालीने कपाळ पुसत हसला. "अहो शिष्यबुवा, तुमच्या हाताला एवढी थंडी वाजते, आणि मी इथे घामाने भिजलोय! आपण एकाच गावात उभे आहोत ना?"

सगळे हसले. शिष्यही हसला, पण त्याने मान वर केली नाही.

गुरूने दोन माद्यांची अंडी काढली. केशरी मण्यांसारखी ती अंडी नराच्या वीर्यात पिसाने हळुवार कालवली, वेताच्या चाळणीत पसरली आणि प्रवाहात ठेवली. सहाव्या दिवशी सकाळी शिष्याने चाळणी उचलून पाहिली. अंडी मरून पांढरी पडली होती. एक-दोन नव्हे, सगळी.

तो चाळणी घेऊन गुरूपुढे उभा राहिला. गुरूने पांढऱ्या अंड्यांकडे बराच वेळ पाहिले. मग तो उठला, व्यापाऱ्याजवळ गेला आणि म्हणाला, "शेटजी, एक दिवस तुमची खेचरे द्या."

"पिल्लांसाठी?"

"आयांसाठी."

उरलेल्या सात माद्या आणि तीन नर पाणी भरलेल्या हंड्यांत सोडण्यात आले. हंड्यांची तोंडे ओल्या फडक्यांनी बांधली. आणि गुरू नदी, कुंड, गाव सगळे मागे टाकून सरळ डोंगर चढू लागला. वर ना वस्ती होती, ना कुंड. लोक एकमेकांकडे पाहत राहिले. "म्हाताऱ्याला भ्रम झाला," कुणीतरी पुटपुटले. व्यापारी खेचर हाकत म्हणाला, "काय पण नशीब! लेकरे न्यायला आलो आणि आयांना माहेरी पोचवायला निघालो."

शिष्य मागून चालत होता. भीतीपेक्षा त्याला आता कुतूहल अधिक वाटू लागले होते. गुरू कुठे निघाला आहे? आणि रागावत का नाही?

पहिला ओढा लागला तेव्हा गुरू थांबला. "हात घाल. मोज."

शिष्याने मोजले. "एकशे नव्वद."

हंड्यांतले थोडे पाणी बदलून ते पुढे निघाले. दुसऱ्या ओढ्याशी पुन्हा तेच शब्द.

"एकशे वीस."

"अस्सं?" गुरूने भुवया उंचावल्या. लहान मुलाने कोड्याचे उत्तर ऐकावे तसा त्याचा चेहरा झाला होता. देवदार मागे पडले. तिसऱ्या ओढ्याशी शिष्य पंचाहत्तरपर्यंत पोचला. आता पुढचा आकडा किती निघेल, याची त्यालाच उत्कंठा लागली होती. पाण्याची चव घ्यावी तसा तो हात बुडवत होता.

दुपार कलताना ते बर्फाच्या कडेला फुटणाऱ्या एका झऱ्याशी पोचले. शिष्याने हात घातला. विसाव्या अंकाला बोटे दुखू लागली, तिसाव्याला कळ कोपरापर्यंत चढली. "सदतीस!" तो ओरडला आणि हात काखेत दाबून धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाबा, त्या दिवशी माझा हात दुखला नव्हता."

"ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"अंडी पाहिल्यापासून म्हणेन, तर तेही अर्धेच खरे. शेटजींच्या कपाळावरचा घाम मला त्याच सकाळी दिसला होता. पण मलाही अडतीसच ऐकायचे होते." गुरू एका खडकावर बसला. "हे बघ, दिवस लहान होऊ लागले की माशाच्या पोटात अंडी पिकतात. तो सूर्याचा संकेत. आणि पाणी गार झाले की ती अंडी जगतात. तो बर्फाचा संकेत. आजवर दोघे हातात हात घालून येत. आपल्या पूर्वजांनी म्हणूनच पौर्णिमा धरली. आता सूर्य वेळेवर येतो आणि गारवा मागे रेंगाळतो. खाली बसून वाट पाहावी, तर तोवर पोटातली अंडी नासतात. म्हणून गारवा आपल्याकडे येईना, तेव्हा आपण त्याच्याकडे आलो. रीत खोटी नव्हती, बाळा. रीत एवढेच सांगते की पाण्याला विचार. तू विचारलेस, त्याने उत्तर दिले, आणि तू जुनेच उत्तर लोकांना सांगितलेस."

त्यांनी झऱ्यापाशी दगड रचून लहानसे कुंड केले, अंडी काढली, चाळण्या ठेवल्या. शिष्य तिथेच खोप करून राहिला. दीड महिन्यानंतर एका सकाळी प्रत्येक केशरी मण्यात दोन काळे ठिपके दिसू लागले. ते डोळे होते. शिष्य कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.

पिल्लांना घ्यायला गुरू वर आला, तेव्हा शिष्याने विचारले, "उद्या हे पाणीही कोमट झाले तर?"

गुरूने शिखराकडे बोट केले.

"आणि तिथलेही?"

"त्याच्या वर आकाश आहे. तिथे मासे राहत नाहीत." गुरूने बोट खाली गावाकडे वळवले. "गारवा इथे हरवला नाही. तो खाली हरवला, जिथे आपण माणसे रात्रंदिवस भट्ट्या पेटवून हवा तापवत बसलो आहोत. म्हणून खरा आकडा खालीच सांगायला हवा."

पुढल्या मार्गशीर्षात गाव पुन्हा काठावर जमले. शिष्याने हात बुडवला. चाळीस झाले, शंभर झाले. लोक चुळबुळ करू लागले. व्यापाऱ्याच्याही तोंडून थट्टा निघाली नाही. शिष्य मोजतच राहिला आणि शेवटी शांतपणे म्हणाला, "दोनशे बारा."

मग गर्दीतली एक म्हातारी काठी टेकत पुढे आली, वाकली, आणि तिनेही आपला हात पाण्यात घातला. बराच वेळ तो तसाच राहिला.

"खरंच की रे," ती म्हणाली. "मग आता काय करायचं?"

गुरूने मिटलेले डोळे उघडले. इतक्या वर्षांत त्या काठावर हा प्रश्न आज पहिल्यांदाच विचारला गेला होता.