दर्भाचा कावळा

एकदा एका नदीच्या घाटावर सकाळी साडेदहा वाजता ही गोष्ट घडली. वैशाखाचे दिवस होते. दहाव्याचा पिंड मांडून तास उलटला होता आणि कावळा शिवत नव्हता.

पिंड गोजराबाईंचा होता. नव्वदी ओलांडून ही बाई गेली. जन्मभर तिने भडभुंज्याची भट्टी चालवली, गरम वाळूत चणे भाजले आणि डोक्यावर पाटी घेऊन आठवड्याचे बाजार केले. घाटावर तिचे दोन मुलगे होते, दोन सुना होत्या आणि निम्मी आळी होती. थोरला मुलगा धान्याचा मोठा व्यापारी. गाव त्याला शेठ म्हणत असे. शेठची मुलगी कालिंदी दूरच्या शहरात एका वृद्ध आचार्यांकडे तर्कशास्त्र शिकत होती. आजीने तिला मांडीवर वाढवले होते. पण निरोप उशिरा गेला आणि ती पोचली तेव्हा चिता थंड झाली होती. झोपेतच गेली, पुण्यवान होती, एवढेच तिला सांगण्यात आले. आज तिचे आचार्यही सांत्वनाला आले होते आणि वरच्या पायरीवर गप्प बसून होते.

कावळा येत नाही म्हटल्यावर लोकांनी आजीच्या आठवणी काढल्या. आठवणींना तोटा नव्हता. सव्विसाव्या वर्षी ती विधवा झाली, तेव्हा दीर न्यायला आला होता. भाकरीची काळजी करू नको, म्हणाला. आजी म्हणाली, "भाकरी मिळेल हो भावजी, पण पहिली कोणाला वाढायची ते तुम्ही ठरवाल." आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली. भट्टीवर येऊन एक हवालदार रोज मूठभर फुटाणे फुकट उचलत असे. आजीने त्याला सांगितले, "फुकट हवेत ना? मग भट्टीत हात घालून घे." ऐंशीव्या वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला ती एकटीच एसटीने गेली. सोबत कोण आहे, असे डॉक्टरांनी विचारले. आजी म्हणाली, "तुम्ही आहात की."

घाटावर हशा झाला. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, असा स्वाभिमान आता बघायला मिळायचा नाही. शेठने मान डोलावली.

कावळे समोरच्या करंजावर बसले होते. एकही खाली उतरत नव्हता.

मग रीतीप्रमाणे वचने देणे सुरू झाले. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून एकेकाने पिंडासमोर हात जोडून ती इच्छा पुरवण्याचा शब्द द्यायचा. शेठ म्हणाला, आई, तुझ्या नावाने बाजारात पाणपोई बांधतो. धाकटा म्हणाला, दर वर्षी शाळेत फुटाणे वाटतो. थोरल्या सुनेने भट्टीच्या जागी तुळस लावण्याचे कबूल केले. कालिंदीनेही हात जोडले. शिकणे अर्धवट सोडणार नाही, आजी, असे ती म्हणाली. तिला वाटले, हीच ती राहिलेली इच्छा असणार. करंजावर काही हालचाल झाली नाही.

ऊन पायाला भाजू लागले. तेव्हा विधी करवणाऱ्या गुरुजींनी त्यावरचा ठरलेला उपाय काढला. जिवंत कावळा शिवत नसेल तर दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला टेकवून विधी पुरा करतात. गुरुजींनी चार काड्या पिळल्या, गाठ मारली, चोच काढली. शेठने सुटकेचा श्वास सोडला आणि जेवणावळीची तयारी झाली का, असे भावाला हळूच विचारले.

त्याच वेळी आचार्य उठले. ते सावकाश पायऱ्या उतरून खाली आले. गुरुजींच्या हातातून तो दर्भाचा कावळा त्यांनी घेतला, त्याची गाठ सोडली, काड्या सरळ केल्या आणि नदीत सोडून दिल्या. मग ते पिंडासमोर उन्हातच बसले.

असा अधर्म कोणी पाहिला नव्हता. गुरुजी म्हणाले, "आचार्य, हे काय आरंभलंत? म्हातारीला पुढची गती नको का मिळायला?"

कालिंदीचे तोंड शरमेने उतरले. आपल्या गुरूंनी आपल्याच आजीचा विधी मोडावा, हे तिला समजेना. तिने वाकून विचारले, "आचार्य, तुम्ही तर रूढीच्या वाटेला कधी जात नाही. मग आज असं का केलंत?"

आचार्य म्हणाले, "मुली, दर्भाचा कावळा कोणाला काही विचारत नाही. इथे विचारायची गरज आहे."

मग त्यांनी सांगितले ते असे. सकाळी ते आधी घरी गेले होते. आजीने ज्या मागच्या खोलीत प्राण सोडला तिथे दिवा तेवत होता. त्या दिव्यापाशी घटकाभर शांत बसावे म्हणून त्यांनी दार लोटून घेतले. रोज उघडे राहून भिंतीला टेकलेली दाराची आतली बाजू तेव्हा त्यांच्यासमोर आली. तिथे खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, लाकूड खरवडलेले होते. ओरखडे ताजे होते. कोपऱ्यात भट्टीचा लोखंडी झारा पडला होता आणि त्याची कड वाकली होती. दाराला आतून कडी नव्हती. बाहेरून होती. नवी कोरी.

इतके दिवस कालिंदी त्या दारातून आत-बाहेर करत होती. बाहेरची कडी तिने रोज पाहिली होती. अडगळीची खोली असेल, म्हणून तिने ती मनावर घेतली नव्हती.

शेजारची एक बाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "वाजवत होत्या हो त्या दार. दोन दिवस वाजत होतं. पण त्या रोजच वाजवायच्या. आम्हाला वाटलं, नेहमीचंच."

शेठचा चेहरा काळवंडला. तो आचार्यांवर उसळला. तुम्ही पाहुणे आहात, म्हणाला, पाहुण्यासारखे राहा. आईला दिसत नव्हते, हे गावाला ठाऊक आहे. फाल्गुनात ती पाटी घेऊन एकटी बाजाराला निघाली आणि ओढ्यात पडली. शेठ गादीवर आणि आई फुटाण्यावर, असे लोकांनी मला तोंडावर ऐकवले. मग काय तिला मोकळी सोडायची होती? "जे केलं ते काळजीपोटी केलं," तो म्हणाला. "आणि आज दहाव्याला तुम्ही माझी अब्रू घाटावर मांडताय."

आचार्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "शेठ, काळजी मलाही कळते. पण कडी बाहेरून असली की काळजी कोणाची चालली आहे ते बघावं लागतं, तिची की आपल्या अब्रूची. या बाईने दिराची भाकरी नाकारली, हे तुम्ही आत्ता कौतुकाने सांगितलंत. हवालदाराची गोष्ट सांगून सगळे हसलात. तिचा तोच स्वभाव शेवटचे दोन महिने दार वाजवत होता, तेव्हा त्याला तुम्ही हट्ट म्हणालात. आयुष्य लांब असलं म्हणून त्याचा आपल्याला अडचणीचा तुकडा कापून उरलेल्याची आरती करता येत नाही. आठवायची असेल तर सगळी आठवा."

गुरुजींनी दर्भाची जुडी उचलली, क्षणभर घोटाळून परत खाली ठेवली. लोक एकेक करून उठू लागले. जाताना कोणी पिंडाकडे पाहिले नाही. उन्हात फक्त घरची माणसे उरली आणि आचार्य.

कालिंदीला अजूनही मुकाट्याने घरी जाता आले असते. बापाने तिला शिकवले होते, शहरात ठेवले होते, कधी उणे पडू दिले नव्हते. त्याची मान खाली गेलेली तिने जन्मात पाहिली नव्हती. ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा," ती म्हणाली, "आजी गेली तेव्हा तुम्ही सगळे कुठे होता?"

शेठने सांगितले. मेहुण्याच्या घरी लग्न होते. दुसऱ्या दिवशी परतायचे होते. आग्रह झाला, एक मुक्काम वाढला. आल्यावर दार उघडले तेव्हा ती दाराशीच होती.

"कडी कोणी बसवली?"

"मी," शेठ म्हणाला. "सुताराला मीच बोलावलं होतं." मग तो घाईने पुढे म्हणाला, "पण त्या दिवशी मी नाही गं घातली. मी तर आधीच गाडीत जाऊन बसलो होतो. खोलीत पाण्याचा माठ आहे, शेजारणीला सांगितलं आहे, असं मला कोणीतरी म्हणालं होतं."

कालिंदीने आईकडे पाहिले. आई धाकट्या जावेकडे पाहत होती. जाऊ आपल्या नवऱ्याकडे पाहत होती आणि काका पाण्याकडे. शेजारणीला असला काही निरोप मिळालेला नव्हता. तसे तिने पुढे सगळ्यांदेखत सांगितले.

त्या सकाळी लग्नाला निघताना घरातून सर्वांत शेवटी बाहेर कोण पडले, हे त्या चौघांपैकी एकानेही अजून सांगितलेले नाही.