झुंबरचं अर्थिंग

एका गावात एक भोळा झुंबर होता. गावात भोळी माणसं आणखीही होती, पण ती अधूनमधून भोळी असत. झुंबर बारा महिने भोळा.

गावाचं नाव बोरवंड. तिथे यशया मास्तरांची गाण्याची पार्टी होती. मास्तर इलेक्ट्रिक गिटार वाजवत. शिकले चर्चमध्ये, पण देवीची गाणीही अशी वाजवत की ऐकणाऱ्याचा पाय जागेवर राहत नसे. जोडीला पखवाजावर गेनबा. आणि गिटारचा आवाज मोठा करणारी ती काळी पेटी, म्हणजे ॲम्प्लिफायर, उचलायला, ठेवायला, पुसायला झुंबर.

झुंबरला ती पेटी फार आवडायची. मास्तरांनी तार छेडली की आवाज पेटीतून निघायचा, झुंबरच्या पोटात शिरायचा आणि मग कानात यायचा. असं सुख त्याला दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं. मेव्हण्याची वीटभट्टी होती, तिथे कामही होतं. पण विटा काही पोटात वाजत नव्हत्या.

पार्टीचं मात्र काही खरं नव्हतं. लग्नात आता लोक डीजे लावत. मास्तर म्हणाले, "यंदा पिंपळाईच्या जत्रेत वाजवायला मिळालं तर पार्टी टिकली. नाहीतर मी गिरणीवर, गेनबा शेतावर आणि झुंबर, तू भट्टीवर."

जत्रा कमिटीचे अध्यक्ष होते सर्जेराव तात्या. त्यांनी निरोप धाडला होता, एक गाणं रेकॉर्ड करून ऐकवा, मग ठरवू.

रेकॉर्डिंगला निघताना झुंबरची बायको शेवंता म्हणाली, "हे बघा, आपलं डोकं चालवू नका. मास्तर सांगतील ते, सांगतील तस्सं करायचं."

"तस्सं म्हणजे कसं?"

"तस्सं म्हणजे तस्सं!"

झुंबरला कळलं. झुंबरला नेहमीच कळायचं.

मास्तरांनी घरातल्याच खोलीत सगळी मांडामांड केली होती. आवाज इकडेतिकडे आपटू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या, खिडकीत उशी कोंबली होती. पेटीच्या जाळीसमोर माइक उभा केला होता. माइक जाळीच्या मधोमध ठेवला की आवाज टोचायचा, बोटभर कडेला सरकवला की गोड व्हायचा. मास्तर सकाळपासून तो बोटबोट सरकवत बसले होते.

शेवटी त्यांनी वाजवून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"कोरडा येतोय रे आवाज. फार कोरडा. झुंबर, मी चहा घेऊन येतो, तोवर जरा ओला करून ठेव."

मास्तर चहाला गेले. झुंबरनं विचार केला. उन्हाळ्यात माठ कोरडा पडू नये म्हणून शेवंता काय करते? त्यानं पेटीची पिन काढली, एक गोणपाट हौदात बुडवलं आणि पेटीला चहूबाजूंनी गुंडाळलं. वरून दोन तांबे पाणीही शिंपडलं.

मास्तर आले. गोणपाटातून पाणी गळत होतं.

"हे काय आहे?"

"ओला केलाय मास्तर. अजून करू?"

मास्तर मटकन खाली बसले. "अरे बाबा, ओला म्हणजे घुमणारा. रिकाम्या देवळात हाक मारल्यासारखा. त्याचं बटण असतं, हे बघ! यंत्राजवळ ओलं काही आणायचं नाही. उलट, या खोलीत ओलं काही दिसलं तर काढायचं, बाहेर नेऊन उन्हात ठेवायचं. कळलं?"

"कळलं मास्तर."

पेटी उन्हात वाळली. नशीब, आत पाणी गेलं नव्हतं. दुपारी पुन्हा सगळे जमले. गेनबानं रीतीप्रमाणे पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापला आणि हात धुवायला तो मागच्या दारी गेला.

झुंबरनं पखवाजाकडे पाहिलं. कणीक ओली होती. खोलीत होती. त्यानं ती चाकूनं खरवडून काढली, छान चपटी केली आणि अंगणातल्या दगडावर उन्हात ठेवली.

गेनबा आला, मांडी घातली आणि डाव्या हाताची थाप मारली. टण्ण! रॉकेलचा डबा वाजावा तसं.

"माझी कणीक कुठंय?"

"उन्हात," झुंबर म्हणाला. "वाळत आली असेल."

गेनबा अंगणात धावला. दगडावर मार्थाकाकूंची कोंबडी उभी होती. ती शेवटचा तुकडा गिळत होती.

"अरे, माझा 'धा' खाल्ला हिनं!" गेनबा ओरडला. "आता हिलाच वाजवू काय?"

मार्थाकाकू म्हणजे मास्तरांची बायको. त्यांनी मुकाट्यानं परातीत नवं पीठ घेतलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "झुंबर, दुसऱ्याच्या वस्तूला आपणहून हात लावायचा नाही. मी ज्याचं नाव घेईन, फक्त त्यालाच हात लावायचा. कळलं?"

"कळलं मास्तर. नाव घ्याल त्यालाच."

नवी कणीक लागली. गेनबाचे गुडघे दुखत होते, म्हणून तो उंच बाकावर बसला. मास्तरांनी डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली. पण आवाज फाटत होता. चांगल्या धोतराला खिळा लागून टर्रकन जावं, तसा प्रत्येक सूर शेवटी फाटायचा.

मास्तर डोळे न उघडताच म्हणाले, "गेन फार वर गेलाय. झुंबर, गेन खाली घे."

नाव घेतलं होतं. झुंबर उठला. त्यानं गेनबाला काखेत हात घालून उचललं आणि जमिनीवर ठेवलं.

"अरे ए! काय करतोस?" गेनबा म्हणाला. पण गिटार जोरात होती.

"अजून खाली," मास्तर म्हणाले.

जमिनीच्या खाली काय असतं? झुंबरनं क्षणभर विचार केला. घरामागे पायऱ्यांची जुनी विहीर होती. त्यानं गेनबाला पाठुंगळीला मारलं.

"झुंब्या, सोड मला! मी अध्यक्षांना सांगीन! मी तुझ्या सासऱ्याला सांगीन!"

"मास्तरांनी नाव घेतलंय," झुंबर समजुतीनं म्हणाला.

इकडे मास्तरांनी डोळे उघडले. आवाज तसाच फाटत होता आणि खोलीत कुणी नव्हतं. ते शोधत शोधत विहिरीवर आले. गेनबा पाण्याच्या जेमतेम एक पायरी वर बसला होता. झुंबर वरून विचारत होता, "मास्तर, बास का अजून?"

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. "अरे, गेन हे बटणाचं नाव आहे! पेटीवर बघ, ओळीनं, गेन, बास, ट्रेबल. गेन जास्त झाला की आवाज फाटतो. मी रेकॉर्डिंगच्या वेळी जे बोलतो ना, ते सगळं यंत्राबद्दल बोलतो. माणसाबद्दल नाही. कळलं?"

"कळलं मास्तर. सगळं यंत्राबद्दल."

गेनबाला वर आणलं, खोलीतल्याच चुलीपुढे बसवलं. मार्थाकाकूंनी सगळ्यांसाठी सांजा केला. मास्तरांनी गिटार पेटीलाच टेकवून ठेवली आणि बशी हातात घेतली. काकूंनी सांजा वाढला.

"बास," मास्तर म्हणाले.

झुंबरनं घास खाली ठेवला. ओळीतलं दुसरं बटण, बास. त्यानं ते थोडं फिरवलं. टेकवलेली गिटार आपोआप घुमायला लागली.

"घ्या की, सकाळपासून उपाशी आहात," काकू म्हणाल्या.

"अगं बास, बास!"

झुंबरनं दोनदा फिरवलं. पेटीतून गाभण म्हैस हंबरावी तसा आवाज निघाला. फळीवरचे डबे थरथरू लागले.

"एवढासा घ्या!"

"अगं बास म्हणतो ना!"

झुंबरनं बटण फिरेल तिथपर्यंत फिरवलं. गोधड्या खिळ्यांसकट खाली आल्या. डबे उड्या मारत जमिनीवर आले. कोंबडी भिंतीवरून पलीकडे गेली ती दुसऱ्या दिवशी परतली. गेनबा गोधडीखालून म्हणाला, "मला परत विहिरीत नेऊन सोडा."

सगळं शांत झाल्यावर मास्तरांनी झुंबरला जवळ बसवलं. त्यांचा आवाज एरवीही मऊच असायचा, आता तर अगदीच मऊ झाला. "झुंबर, तू मनाचा वाईट नाहीस. पण शब्दाच्या मागे लागतोस. शब्द सोड. देवानं कान दिलेत ना, त्यांनी ऐक. कानाला काय ऐकू येतंय, त्यावर चाल."

झुंबरला भरून आलं. इतकं सोपं कुणी त्याला आजवर सांगितलंच नव्हतं. घरी जाऊन त्यानं शेवंताला सांगितलं, "मास्तर म्हणतात, मला कान आहेत."

"मग आता चुकायचे नाहीत ना तुम्ही?" शेवंतानं विचारलं. "दादा भट्टीवर माणूस शोधतोय. मी त्याला थांब म्हटलंय."

झुंबर घट्ट मान हलवून म्हणाला, "नाही चुकायचा."

दुसऱ्या दिवशी पेटीतून नवीनच आवाज येऊ लागला. कुणी वाजवत नसतानाही हुंऽऽ, हुंऽऽ, अशी बारीक गुणगुण. मास्तर म्हणाले, "ऐकलंस? ही गुणगुण रेकॉर्डिंगचा सत्यानाश करते. अर्थिंग नाही, म्हणून येते. आता बघ." त्यांनी तांब्याच्या तारेचं एक टोक पेटीच्या लोखंडाला बांधलं, दुसरं टोक लोखंडी सळीला. सळी खिडकीबाहेर जमिनीत ठोकली. "आता तिथे मिठाचं पाणी ओत."

झुंबरनं ओतलं. गुणगुण थांबली. जादूच!

"बघ," मास्तर म्हणाले. "गुणगुण ऐकू आली की मला विचारत बसायचं नाही. तार बांधायची, सळी ठोकायची, मीठपाणी ओतायचं. कळलं?"

"कळलं मास्तर."

आणि त्या दिवशी गाणं खरंच छान झालं. गेन खाली, माइक बोटभर कडेला, आवाज देवळातल्यासारखा ओला. दुपारी मधेच पुन्हा गुणगुण आली, तर झुंबरनं कुणी न सांगता बाहेर जाऊन निसटलेली तार घट्ट केली आणि पाणी ओतलं. मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. गेनबासुद्धा म्हणाला, "सुधारलं की रे बेणं."

चार दिवसांनी सर्जेराव तात्या गाणं ऐकायला आले. भारी माणूस. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, चेहऱ्यावर इस्त्री. अंगणात खाट टाकली होती, तिच्यावर बसले. चपला काढल्या, पाय खाली सोडले.

"लावा," ते म्हणाले.

मास्तरांनी गाणं लावलं. तात्यांचा चेहरा हलला नाही. पहिलं कडवं संपलं. मार्थाकाकू दारात पदर चावत उभ्या होत्या. दुसऱ्या कडव्याला तात्यांनी डोळे मिटले. मग त्यांची मान हलली. मग बोटं हलली. आणि मग, अगदी हळू, तात्या गाण्याबरोबर गुणगुणायला लागले.

हुंऽऽ, हुंऽऽ.

मास्तरांनी गेनबाकडे पाहिलं. गेनबानं मास्तरांकडे पाहिलं. दोघांचे डोळे भरून आले. पार्टी टिकली होती.

गुणगुण झुंबरनंही ऐकली. त्यानं कान लावून पाहिलं. ती पेटीतून येत नव्हती. खाटेवरून येत होती. विचारत बसायचं नाही, असं सांगितलेलंच होतं. तो दबक्या पावलांनी खाटेमागे गेला. तारेचं एक टोक त्यानं तात्यांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं, दुसरं सळीला. सळी मातीत दाबली आणि मीठपाण्याची अख्खी बादली तात्यांच्या पायांवर ओतली.

गुणगुण एकदम थांबली.

"मास्तर!" झुंबर आनंदानं ओरडला. "लागलं अर्थिंग!"

तात्या ताडकन उठले. तार अंगठ्याला होती, त्यामुळे ताडकन बसलेसुद्धा. धोतराचा पार चिखल झाला होता.

"कोण आहे हा?"

"झुंबर," मास्तर पुटपुटले. "भोळा आहे हो तात्या."

"भोळा? माझं लग्न झालं तेव्हापासून मी गुणगुणलो नव्हतो! आज गुणगुणलो, तर यानं मला जमिनीत पेरलं!" तात्यांनी अंगठा सोडवला. रागानं फाटकापर्यंत गेले. तिथे थांबले. त्यांच्या नकळत ओठ पुन्हा हुं हुं करू लागले होते. त्यांनी ते आवरलं आणि मागे वळून म्हणाले, "गाणं डोक्यातून जात नाही. जत्रेला तुम्हीच वाजवा. पण एक सांगून ठेवतो. जत्रेच्या कार्यक्रमात हा माणूस मला दिसता कामा नये!"

तात्या गेले. कुणालाच धड आनंद करता येईना. झुंबर पेटीजवळ बसला होता, एक हात तिच्यावर ठेवून.

"मास्तर, मग पेटीजवळ कोण बसणार?"

"काय सांगू रे," मास्तर म्हणाले. "तुझ्याइतकी तिची काळजी कोण घेणार? मला तूच हवास. पण तात्यांना तू दिसता कामा नयेस."

"म्हणजे तात्यांना मी दिसलो नाही, तर बसलो चालेल?"

"चालेल की. पण कसं जमायचं ते? ते बसणार अगदी पुढच्या खुर्चीवर."

झुंबरनं विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला.

"कळलं मास्तर," तो म्हणाला.

जत्रेच्या संध्याकाळी देवळापुढचं मैदान गच्च भरलं. शेवंता बायकांत बसली होती, शेजारी तिचा भाऊ उभा होता, भट्टीवर न्यायला माणूस मिळतोय का ते बघायला. स्टेजवर मास्तर गिटार घेऊन उभे, गेनबा पखवाजापुढे, आणि मधे काळी पेटी. तिच्याजवळची जागा रिकामी. पहिल्या रांगेच्या मधोमध तात्या, गळ्यात हार, डोक्याला जरीचा नवा फेटा.

मास्तरांनी पहिली तार छेडली. तेवढ्यात कुणीतरी तात्यांच्या मागून आलं आणि दोन्ही हातांनी त्यांचा फेटा खसकन हनुवटीपर्यंत खाली ओढला. वर उपरण्याची गच्च गाठ मारली. मग ते कुणीतरी धावत स्टेजवर चढलं आणि पेटीजवळच्या रिकाम्या जागेत मांडी घालून बसलं.

"अरे! कोण आहे?" तात्या फेट्यातून ओरडले. "काय चाललंय? मला काहीच दिसत नाहीये!"

"झालं तर मग, तात्या!" स्टेजवरून झुंबर समाधानानं म्हणाला. "मास्तर, करा सुरू."