सात विहिरींचा मंत्र

एका राज्यात दिवे मंत्राने लागत, विहिरी मंत्राने भरत. मंत्र राजधानीत रचले जात आणि तिथून गावोगावी जात. वीस मंत्रकारांचा प्रमुख होता वज्रबाहू.

एकदा घाईत एक मंत्र न तपासताच गेला. सात गावांच्या विहिरींचे पाणी दगड झाले. तो मंत्र वज्रबाहूचाच होता. त्याने मूळ भूर्जपत्र दडवले आणि तोंड मिटले.

राणी सुलेखेने दूरदेशीच्या कौमुदी नावाच्या मंत्रकारिणीला बोलावले. तिच्या खांद्यावर बोलकी साळुंकी होती. दोघींनी तीन द्वारे उभारली. पहिल्यात साळुंकी अक्षर न अक्षर तपासी. दुसऱ्यात नवा मंत्र जुन्यांशी भांडतो का, ते पाही. तिसऱ्यात मातीच्या इवल्या गावावर तो म्हणून पाही. तिन्ही उघडली की मंत्र आपसूक गावोगावी पोचे. एक जरी अडले, तरी चूक सांगून साळुंकी तो परत करी.

लोक कौमुदीचे गुण गाऊ लागले. वज्रबाहूला अन्न गोड लागेना. विहिरी अजून दगडच होत्या; त्या आपणच सोडवायच्या, म्हणून त्याने नवा मंत्र रचला. तो पहिल्या द्वारात अडला. दुसरा रचला, तो दुसऱ्यात अडला. तिसऱ्याने मातीचे गावच तडकले.

“पाखरू तिने पढवले आहे! माझेच तेवढे अडवते!”

भर दुपारी तो कुऱ्हाड घेऊन निघाला. द्वारापाशी परत आलेल्या भूर्जपत्रांचा ढीग होता. त्याने एक उचलले, मग दुसरे. अक्षर कौमुदीचे.

“तिचे किती परतले?” त्याने विचारले.

“एकेचाळीस,” साळुंकी म्हणाली. “आपले तीन.”

“मग ती काय करते?”

“रडते. पुन्हा लिहिते.”

कुऱ्हाड तिथेच टाकून वज्रबाहूने दडवलेले पत्र काढले आणि दरबार गाठला.

“महाराणी, विहिरींचा मंत्र माझा होता.”

“आजवर बोलला का नाहीत?”

“आधी भीती होती. मग या कौमुदीपुढे लहान व्हायचे नव्हते.”

कौमुदीने पत्र हाती घेतले. “आचार्य, मूळ मंत्र आहे, तर तो उलटवता येईल. बसा.”

दोघांनी मिळून उलटा मंत्र लिहिला. तो दोनदा परतला. तिसऱ्यांदा तिन्ही द्वारे उघडली आणि सात गावांत दगड फुटून पाणी वर आले.

“यापुढे तिचा मंत्र तुम्ही वाचा, तुमचा ती वाचेल,” राणी म्हणाली. “मग द्वारे आहेतच.”

वज्रबाहूने मान लववली. त्या राज्यात पुढे कुणाच्या घशाला कोरड पडली नाही. ऐकणाऱ्यांच्याही न पडो.