घाण्याच्या बैलाला हवा सरळ रस्ता

ही गोष्ट शपथेवर खरी. मी स्वतः पाहिलेली. म्हणजे माझ्या जन्माआधीची आहे, पण पाहिलेली.

सोपान तेल्याचा बैल हरण्या ऐन दिवाळीच्या तोंडावर अडून बसला. घाणा थांबला, गावाच्या चकल्या अडल्या. सोपानने जास्तीची पेंड घातली, तुपाने खांदा मळला, शिंगं रंगवली. हरण्या ढिम्म.

"आता आणखी काय देऊ राजा?"

"पोट भरलंय मालक, खांदाही बरा आहे," हरण्या म्हणाला. "पण जन्मभर गोल गोल चालतोय. एकदा सरळ चालून कुठंतरी पोचू द्या. बाजाराला माझा जुना जोडीदार येतो, त्याला भेटेन."

"मग शिंगं कशाला रंगवून घेतलीस?"

"बाजाराला तसंच जाऊ?"

सोपान हसला आणि त्याला घेऊन बाजाराला गेला. दुसऱ्या दिवशी घाणा असा फिरला, की गावभर कढया चढल्या.

यातलं खोटं एवढंच, की अडून बसली होती ती बैलामागे गोल फिरणारी सोपानची बायको, यमुना. शिंगांच्या जागी नवं लुगडं धरा, जोडीदाराच्या जागी माहेरची मैत्रीण. बैल बिचारा केव्हाचा जुंपून तयार होता.