झुबकी खार आणि डुगडुगणारी खाच

जत्रेत होतं एक आंब्याचं झाड. झाडावर होतं झुबकी खारीचं घरटं. घरट्यात तीन पिल्लं. इवली इवली. डोळेसुद्धा न उघडलेली.

झाडाखाली सगुणामावशीचं फुग्यांचं दुकान. छर्र्याची बंदूक घ्या, नेम धरा, फुगा फोडा!

एका मुलीने नेम धरला लाल फुग्यावर. छर्रा गेला भलतीकडेच. टक्! घरट्याचा कापूस उडाला भुर्रर्र. पिल्लं उघडी पडली.

"अगंबाई, माझी पिल्लं!" झुबकीचा जीव खालीवर झाला. ती झाडावरून उतरली सरसर आणि निघाली टुणुक टुणुक.

बंदुकीच्या पाठीवर होती नेम धरायची खाच. खाच करत होती डुगडुग डुगडुग.

"खाच, खाच, थांब ना!
छर्रा सरळ जाईना,
माझ्या पिल्लांचं काय होईल?"

खाच म्हणाली, "माझा स्क्रू ढिला. स्क्रू घट्ट बसेल, तेव्हा मी थांबेन."

टक्! छर्रा लागला खोडाला. झुबकी गेली टुणुक टुणुक.

"स्क्रू, स्क्रू, घट्ट बस ना!
खाच थांबेना,
छर्रा सरळ जाईना,
माझ्या पिल्लांचं काय होईल?"

स्क्रू म्हणाला, "मला स्वतःला पिळता येतं का गं? स्क्रूड्रायव्हर उठेल, तेव्हा मी बसेन."

स्क्रूड्रायव्हर होता पाटावर, अगदी थाटात. त्या दिवशी होती खंडेनवमी. खंडेनवमीला अवजारांची पूजा. मावशीने हातोडी मांडली, पक्कड मांडली, स्क्रूड्रायव्हर मांडला. हळदकुंकू वाहिलं. आणि बंदूक तपासायची? ती राहूनच गेली! आधी आवळावं, मग पाटावर मांडावं, एवढं कसं सुचलं नाही मावशीला?

"स्क्रूड्रायव्हर, स्क्रूड्रायव्हर, ऊठ ना!
स्क्रू बसेना,
खाच थांबेना,
छर्रा सरळ जाईना,
माझ्या पिल्लांचं काय होईल?"

स्क्रूड्रायव्हर म्हणाला, "आज माझा मान. पूजेचा नारळ फुटेल, तेव्हा मी उठेन."

टक्! छर्रा लागला फांदीला. बाई गं, घरट्याचीच फांदी! झुबकी गेली टुणुक टुणुक.

"नारळा, नारळा, फूट ना!
स्क्रूड्रायव्हर उठेना,
स्क्रू बसेना,
खाच थांबेना,
छर्रा सरळ जाईना,
माझ्या पिल्लांचं काय होईल?"

नारळ म्हणाला, "सालासकट कुणी फुटतं का? मावशी सोलेल, तेव्हा मी फुटेन."

"मावशी, मावशी, सोल ना!
नारळ फुटेना,
स्क्रूड्रायव्हर उठेना,
स्क्रू बसेना,
खाच थांबेना,
छर्रा सरळ जाईना,
माझ्या पिल्लांचं काय होईल?"

मावशीच्या कडेवर होता तान्हा गुंड्या. मावशी म्हणाली, "हात मोकळा आहे का मला? गुंड्या झोपेल, तेव्हा मी सोलेन."

टक्! घरट्याशेजारचं पान तुटलं. झुबकीला रडूच आलं. रडत रडत ती म्हणाली,

"गुंड्या, गुंड्या, झोप ना!
मावशी सोलेना,
नारळ फुटेना,
स्क्रूड्रायव्हर उठेना,
स्क्रू बसेना,
खाच थांबेना,
छर्रा सरळ जाईना,
माझ्या पिल्लांचं काय होईल?"

गुंड्या म्हणाला, "ट्यँहँ! ट्यँहँ! खुळखुळा वाजेल, तेव्हा मी झोपेन."

"खुळखुळ्या, खुळखुळ्या, वाज ना!
गुंड्या झोपेना,
मावशी सोलेना,
नारळ फुटेना,
स्क्रूड्रायव्हर उठेना,
स्क्रू बसेना,
खाच थांबेना,
छर्रा सरळ जाईना,
माझ्या पिल्लांचं काय होईल?"

खुळखुळा म्हणाला, "माझ्या पोटात काहीच नाही. चिंचोके घाल, मी लग्गेच वाजेन."

चिंचोके! झुबकीकडे होते फक्त तीन. तिचं आजचं जेवण. सकाळपासून पोटात कण नव्हता. झुबकीने चिंचोक्यांकडे पाहिलं. मग पिल्लांकडे पाहिलं. आणि तिन्ही चिंचोके खुळखुळ्यात टाकले. टप्! टप्! टप्!

मग काय!
खुळखुळा वाजला, खुळुक खुळुक.
गुंड्या झोपला, घुर्र घुर्र.
मावशीने नारळ सोलला, चर्र चर्र.
नारळ फुटला, फटाक्!
स्क्रूड्रायव्हर उठला. मावशीने फिरवला, कुर्र कुर्र.
स्क्रू घट्ट बसला.
खाच थांबली. डुगडुग नाही की डगमग नाही.

मुलीने पुन्हा नेम धरला. झुबकी धावली झाडावर. शेपटीखाली तिन्ही पिल्लं घेतली. डोळे गच्च मिटले. आता कुठे लागतोय बाई?

फट्!

टक् नाही! फट्! लाल फुगा फुटला. मुलीने मारली उडी.

झुबकीने हळूच एक डोळा उघडला. मग दुसरा. पिल्लं तिथेच होती. एक, दोन, तीन.

मावशीने वर पाहिलं. "अगं, तू होय! आणि ही तुझी बाळं? घर उघडं केलं की गं मी तुझं! माझंच चुकलं बाई."

मावशीने फांदीवर ठेवला नारळाचा काथ्या, मऊ मऊ. पाटावरच्या अवजारांना दाखवलं खोबरं, आणि पहिला तुकडा दिला झुबकीला.

झुबकीने काथ्या पांघरला पिल्लांवर. मग खोबरं खाल्लं, कुरुम कुरुम. पोट भरलं. पिल्लं दूध प्यायली, चुपुक चुपुक, आणि आईच्या कुशीत झोपली.

स्क्रू आवळला, गोष्ट आवरली!