म्हाळू नावाचा ढग

पावणं, नुसतं ‘ढग आला’ म्हणून भागत नाही इथं. या सड्यावर, या उघड्या पठारावर, ढग किती उंचावर आहे ते बघून त्याचं नाव घेतात. पार वर, आभाळाला टेकलेला विरविरीत, तो पिंजारी. डोंगराच्या डोक्यावर बसतो तो माथेकरी. आणि जमिनीवर उतरून दारात येतो, तो म्हाळू. आता माणसाचं नाव ढगाला कसं पडलं, ते ऐका.

लई जुनी गोष्ट म्हणे. इथं गवळी धनगरांची वाडी होती. म्हाळू त्यातलाच, ठकू त्याची बायको. मूलबाळ नाही, माहेर घाटाखाली लांब. तिला इथं त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. एका दुपारी गडी म्हशी वळवायला कड्याच्या अंगाला गेले आणि ढग खाली उतरला. हातभरावरचं दिसेना. म्हाळू सगळ्यांत पुढं, अगदी कड्याच्या तोंडाशी, हे ठकूला ठाऊक होतं. पण बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. ओठावर आलेलं नाव तिनं गिळलं आणि नुसतीच ओरडली, “अवो, मागं फिरा!” सगळ्याच बायका तसंच ओरडत होत्या. कोण कुणाला बोलावतंय, कळावं कसं? दुसऱ्या कुणाची कारभारीण असेल, असं समजून तो पुढं चालत राहिला. बाकीचे घरी आले. तो आला नाही.

ठकू माहेरी गेली नाही, एकटीच राहिली. बोलायला माणूस नाही, मग ढगांशी बोलायची. वरच्यांना नावं तिनंच ठेवली, असं सांगतात. खालचा दारात आला की मात्र कड्यावर जाऊन हाक मारायची, “म्हाळू!” वाडीतल्या म्हाताऱ्या तिच्यावर कातावल्या, जनाची नाही तर मनाची तरी ठेव म्हणाल्या.

ठकू म्हणाली, “त्येचं आयुष्य वाचावं म्हणून नाव गिळलं. आता कुणासाठी गिळू?”

ती मरेपर्यंत हाका मारत राहिली. ओ कधी आली नाही. बिचारी.

आजही ढग खाली उतरला की इथल्या बायका नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारतात. कुणी हसत नाही. आणि प्रत्येक गडी दोनदा ओ देतो. एक बायकोला, दुसरी ठकूला.