नानांचा चिमटा

"पण शरीराबाहेर तो किती दिवस जगतो, ते आधी सांगा," नाना म्हणाले.

त्यांच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात एक कागद.

टेकडीवरच्या त्या मठात नाना सगळ्यांत ज्येष्ठ शिष्य. सत्तरी ओलांडलेले. गादीवर बसलेल्या गुरू मात्र एकतीस वर्षांच्या. त्यांना माई म्हणताना नानांची जीभ रोज अडखळायची.

"कसला कागद?" माईंनी विचारलं.

"कावेरीचा रिपोर्ट. गावातल्या शिबिरात बायकांची तपासणी झाली ना, गर्भाशयाच्या तोंडाची. हिला एचपीव्ही निघालाय. व्हायरस आहे तो."

"लिफाफ्यावर नाव कोणाचं होतं?"

"कावेरीचं. पण पत्ता मठाचा होता."

माईंनी दाराकडे पाहिलं.

कावेरी मठाचा स्वयंपाक करायची. ती दारातच उभी होती, हाताला पीठ लागलेलं.

"मला सिस्टरनी सांगितलंय," ती म्हणाली. "कातडीला कातडी लागून जातो तो. भाकरीतून नाही जात. पुढच्या तपासणीला बोलावलंय, तेवढंच."

"सिस्टर काहीही सांगेल. मी मोबाइलवर वाचलंय. कोरड्या जागेवरसुद्धा आठवडाभर टिकतो. स्पिरिटलाही दाद देत नाही." नानांनी माईंकडे पाहिलं. "हिला चुलीपासून दूर करा. नाहीतर घरी पाठवा."

कावेरीला घर नव्हतं. हे नानांनाही माहीत होतं.

"आठवडाभर..." माई म्हणाल्या. "बरं. नानांचं ऐकू या. कावेरीचा हात लागलेली प्रत्येक वस्तू आठवडाभर बाहेर."

नानांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ही मुलगी शहाण्यासारखं बोलली होती.

"हा चिमटा कोणाचा?" माईंनी विचारलं.

"माझाच," कावेरी म्हणाली. "रोज त्यानेच भाकरी शेकते."

चिमटा खणकन खाली पडला.

माई उठल्या. पदर खोचला. चिमटा कागदासकट बाहेर गेला, परात गेली, तवा गेला. मग समई, घंटा, सतरंज्या. सगळं कावेरीनेच घासलेलं, झटकलेलं, धुतलेलं. नानांची आरामखुर्ची गेली. नानांची धोतरंही गेली. एक टोक माईंच्या हातात, एक कावेरीच्या, आणि दोघींना हसू आवरेना.

दुपारपर्यंत मठ रिकामा झाला, अंगण भरलं. आरामखुर्चीवर एक कोंबडी जाऊन बसली.

"झालं?" नानांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"एक राहिलं," माई म्हणाल्या. "श्रावणात तुम्ही पायरीवरून घसरलात. पाठीवर घालून वर कोणी आणलं?"

"कावेरीने."

"महिनाभर पायाला तेल कोणी चोळलं?"

नाना उठले. उंबरा ओलांडून अंगणात गेले. कोंबडी खुर्ची सोडेना, म्हणून शेजारी जमिनीवर बसले.

कावेरीने अंगणातच तीन दगड मांडले, जाळ केला. भाकरीचा वास सुटला. माई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि पहिली भाकरी चटणीशी खाल्ली.

नाना आधी आभाळाकडे पाहत होते. मग तव्याकडे पाहू लागले.

"नाना, वाढू?" कावेरीने विचारलं.

"वाढ."

"चिमट्याने देऊ की हाताने?"

नानांनी दोन्ही हात पुढे केले.

"हाताने दे."

त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. अंगणात पडलेला कागद उचलला, धूळ झटकली, नीट घडी घालून कावेरीच्या हातात दिला. मग घसा खाकरला.

"माई," ते म्हणाले, आणि या वेळी जीभ अडखळली नाही. "मी आत कधी येऊ?"

माई शेवटच्या तुकड्याने ताटली पुसून घेत होत्या.

"व्हायरस आठवडाभर टिकतो म्हणालात, नाना. तुमची भीती किती टिकते, ते तुम्ही सांगा."